नवलनगरी दिवसाउजेडी

अणदूरच्या कल्याणप्पानं उभ्या जन्मात एकच गाव वसवलं, आणि त्या गावाला जायला वाट नव्हती. नवलनगरी त्याचं नाव. मांजरपाटाच्या सहा पडद्यांवर ते रंगवलेलं होतं. सुगी आवरून पाडवा झाला की देवळामागच्या मोकळ्या जागेत ते उलगडायचं, एका रात्रीपुरतं. उरलेलं वर्ष ते मठाच्या ओसरीत, वाशांना टांगलेल्या बांबूंवर गुंडाळून पडलेलं असे, आणि त्यात उंदरं पिलं घालत.

त्याचा बाप वाणी. चौकात किराणा मालाचं दुकान, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि तोंडात सदा एकच वाक्य, की तराजू सांगेल तेवढंच खरं. असल्या बापाच्या पोटी हे रत्न आलं. विशीच्या आतबाहेर असताना बापानं त्याला मिरच्यांची गाडी देऊन सोलापूरला धाडलं. त्यानं मिरच्या विकल्या, बैलांना पाणी दाखवलं आणि सहज म्हणून एका नाटक कंपनीच्या तंबूत शिरला, तो दोन वर्षं बाहेर आला नाही. गाडी, बैल आणि मिरच्यांचे पैसे तेवढे गावच्या माणसाबरोबर परत पाठवले. चोर नव्हता हो, येडा होता.

कंपनीत पडदे रंगवणारा एक म्हातारा पेंटर होता. त्याच्या हाताखाली कल्याणप्पा रंग खलायला लागला. सरस कढवायचा, चिंचोक्याची खळ शिजवून कापडाला चोपडायची, पिवडी वाटायची, काजळी धरायची आणि या सगळ्याबरोबर शिव्या खायच्या. म्हातारा शिकवत काही नव्हता, पण लपवतही नव्हता. दोन वर्षांनी कंपनीचं दिवाळं वाजलं आणि आमचा गडी घरी परतला, हात रंगलेले आणि डोकं फिरलेलं. डोकं ठिकाणावर आणायचा जो उपाय सगळे बाप करतात तोच त्याच्या बापानं केला. आळंदकडच्या एका कानडी घरातली रुद्रम्मा सून करून आणली.

डोकं काही ठिकाणावर आलं नाही. ठिकाणावर आलं ते दुकान. सासरा गेल्यावर तराजू रुद्रम्मानं हातात घेतला, तो पुढं कधी खाली ठेवला नाही. दोन मुली वाढवल्या, उजवल्या, सासूचं लांबलेलं दुखणं काढलं. कल्याणप्पा पोळ्याला बैलांची शिंगं रंगवी, लग्नसराईत भिंतींवर हत्ती-घोडे आणि भालदार-चोपदार काढी, आणि हे करून जो वेळ उरे, म्हणजे खरं तर सगळाच, तो मठाच्या ओसरीत घालवी. जेवायला आठवण करावी लागायची. रुद्रम्मा ती करायची, आणि त्यापलीकडं त्याच्या उद्योगाबद्दल बरं किंवा वाईट काही बोलायची नाही.

आता नवलनगरी निघाली कशी ते सांगायला हवं. ती निघाली सरकारच्या धाकानं. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तर परवानगी लागायची, आणि नाटक म्हटलं की सगळा गाव. गावच्या शाळेतले वसंतराव मास्तर पहिल्या वर्षी एक ऐतिहासिक नाटक लिहून पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांकडं घेऊन गेले. साहेबांनी विचारलं, यातला राजा कोण, त्याचं राज्य कुठं, आणि तो लढतो कुणाशी? उत्तरं देता देता मास्तरांना घाम फुटला आणि नाटक तिथंच गतप्राण झालं. दुसऱ्या वर्षी मास्तर शहाणे झाले. त्यांनी असं राज्य काढलं की जे कुठल्या नकाशात सापडायचं नाही.

"ये नवलनगरी किस तालुके में है?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"हुजूर, कहीं नहीं है."

"फिर ठीक है," म्हणून साहेबांनी शिक्का मारला.

एकदा परवानगी मिळालेली नगरी सोडायची कशाला? दर वर्षी नाटक नवं, पण घडायचं ते नवलनगरीतच. कापड महाग, रंग महाग, तेव्हा दर नाटकाला नवे पडदे ही चैन अणदूरला परवडणारी नव्हती. त्यामुळं इथं उलटी रीत पडली. बाकीच्या जगात आधी नाटक लिहितात आणि मग पडदे रंगवतात. अणदुरात मास्तर मठात येऊन कल्याणप्पाच्या पडद्यांसमोर मांडी घालून बसत आणि त्या पडद्यांत मावेल असं नाटक लिहीत.

आणि कल्याणप्पाचा हात काही अगदीच बिनचूक नव्हता. महालाच्या पडद्यावर त्यानं चंद्र डावीकडं काढला आणि बागेच्या पडद्यावर, विसरून, उजवीकडं. लोक हसायच्या आत मास्तरांनी नाटकात घातलं, की नवलनगरीला दोन चंद्र आहेत, सख्खे भाऊ, वाटण्यांवरून भांडलेले, एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. नदीचं चित्र बिघडलं, ती डोंगरावरून उतरण्याऐवजी चढताना दिसायला लागली. मास्तरांनी लिहिलं, तिथलं पाणी वरच जातं. रानाच्या वेळी हिरवा रंग संपला, रान निळं झालं आणि निळ्या रानात शिरलेल्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही असं एक अख्खं नाटक त्यातून निघालं. हत्तीचा चौथा पाय खांबामागं राहून गेला. तेव्हापासून नवलनगरीतले हत्ती तीन पायांचे, आणि राजा हत्तीवर बसण्याऐवजी हत्तीच राजाच्या खांद्याला टेकून चालतो. चुका ह्याच्या, कारणं त्यांची, आणि मधल्यामध्ये एक जग उभं राहिलं. उन्हाळ्यात ओढा आटला की गावातली माणसं म्हणायची, गेलं पानी नवलनगरीला.

हे सगळं खरं वाटायचं ते गॅसबत्तीच्या उजेडात. सोलापूरच्या म्हाताऱ्याकडून कल्याणप्पानं हीच एक गोष्ट पक्की उचलली होती. बत्तीपुढं पिवळा रंग मरतो आणि निळा काळा पडतो, म्हणून पिवडीत शेंदूर जास्त घालायचा, निळ्यात सफेदा जास्त, आणि सावल्या चक्क हिरव्या करायच्या. रात्री त्या सावल्या खोल दिसतात. हे मिश्रण दिवसाउजेडी जमायचं नाही म्हणून तो भर दुपारी मठाची दारं ओढून घेई आणि आत कंदील लावून रंगवत बसे. पन्नाशी उलटायच्या आत डोळ्यांचं मातेरं झालं. गावात मात्र एक समजच रूढ झाला, की पडद्याला ऊन दाखवू नये.

नाटक रात्रीचं असल्यामुळं घरंदाज बाया तिथं फिरकत नसत. त्या आपापल्या घराच्या छतावर, माळवदावर, घोंगडं टाकून बसत. तिथून दिसायचं काही नाही, वाऱ्यावर पदं आणि भाषणं ऐकू यायची तेवढीच. "वाण्याच्या घरची बाई नाटकाला जात नसती," असं कल्याणप्पाच्या आईनं रुद्रम्माला पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं. पुढं आई गेली. मग आडवं यायला कुणी राहिलं नव्हतं. दुसरा एखादा नवरा म्हणाला असता, चल, कडेला उभी राहून बघ. मठाचं दार उघडून सहाच्या सहा पडदे कंदिलापुढं दाखवले असते तरी चाललं असतं. पण कल्याणप्पानं विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू करता करता विचारायची लाज वाटायला लागली, कारण मग ती म्हणाली असती, आजवर का नाही विचारलं?

सगळ्या पंचक्रोशीनं त्याची नगरी पाहिली. नळदुर्गहून माणसं आली, तुळजापूरचे पुजारी येऊन गेले, लोकांनी वाहवा केली, शेले घातले. पण ती वाहवा त्याला पुरली नाही. ज्या बाईच्या जिवावर हा सगळा खेळ चालला होता तिनं एकदा ती नगरी बघावी आणि 'बरं केलंय' एवढं म्हणावं, याची त्याला भूक होती. साठीला टेकल्यावर तर बाकीच्या सगळ्या भुका मेल्या आणि ही एकच राहिली.

जर्मनीची लढाई पेटली आणि तिची झळ अणदूरला लागली ती रॉकेलच्या डब्यातून. कंट्रोल आलं. घरात चिमणी लावायची मारामार, तिथं रात्रभर गॅसबत्त्या कोण पेटवणार? एक वर्ष कसंबसं ढकललं. पुढच्या वर्षी माघ सरता सरता मठाच्या ओसरीत तिघं बसले. मास्तर, कल्याणप्पा आणि मल्लिनाथ. हा मल्लिनाथ तेलाचा घाणा चालवायचा आणि वर्षातून एकदा नवलनगरीची राणी व्हायचा.

"करडईच्या तेलाचे पलिते लावू म्हनलं असतं," मल्लिनाथ म्हणाला, "पर तेल खायालाच पुरंना. आनि मांडवाला आग लागली तर?"

"रात्री जमत नाही तर दिवसा करू," मास्तर म्हणाले.

कल्याणप्पाला वाटलं ते चेष्टा करताहेत. मास्तरांचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

"मास्तर, दिवसा ते पडदे न्हाईत. दिवसा ती नुसती फडकी हाईत," तो म्हणाला. "औंदा राहूंद्या की. लढाई संपल्यावर बघू."

"एक वर्ष राहिलं की राहिलंच, कल्याणप्पा. माझ्यात आता पुन्हा सगळ्यांना गोळा करायची ताकद नाही. मी थकलोय, तुम्हीही थकलाय. थकलेल्या माणसानं मध्ये खाली बसू नये. परत उठवत नाही."

"आनि माजं काय?" मल्लिनाथानं हनुवटीवरून हात फिरवला. "दाढी कितीबी घोटली तरी उनात हितं निळं दिसनारच. रात्री चालून जातं."

"नवलनगरीत राण्यांना निळी हनुवटी असते असं लिहितो," मास्तर म्हणाले. पण कुणी हसलं नाही, तेही नाही. ठरायचं ते ठरून गेलं. दुपार कलली की सुरू करायचं आणि दिवस मावळायच्या आत आटपायचं.

कल्याणप्पा घरी आला तेव्हा दुकानात शेजारची शांताक्का उभी होती. बातमी तिच्याआधी गावात कधी पोचत नसे.

"अण्णा, दिवसा हाय म्हनं नाटक," ती म्हणाली. "लई बेस. आमी समद्या येनार. इतकी वर्सं माळवदावर बसून मान आखडली. बा गं रुद्रम्मा, तूबी ये."

रुद्रम्मा डाळ जोखत होती. तिनं डाळ शांताक्काच्या पदरात ओतली, शांताक्का गेली, तरी ही तराजूची पारडी पुसतच राहिली. मग वर न बघता म्हणाली, "येऊ का?"

हा प्रश्न कधी आला तर आपण काय काय बोलू, याची कल्याणप्पानं कितीतरी वर्षं मनात तालीम केली होती. प्रत्यक्षात तोंडातून एकच शब्द निघाला.

"दुकान?"

"बंद ठिवीन तेवढा वेळ."

"ये मग," तो म्हणाला आणि पुन्हा मठाकडं चालू लागला, कारण घरात उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. महालाचा पडदा खाली उतरवला, मठाच्या अंगणात नेला आणि उन्हात उलगडला. स्वतःची नगरी उन्हात त्यानंही कधी पाहिली नव्हती. महालाच्या सोनेरी भिंती शेंदूर फासल्यासारख्या लाल-पिवळ्या. सज्जातल्या बायकांची तोंडं हिरवी, पटकी झाल्यासारखी. आभाळ खडूसारखं पांढरट, त्यात चंद्राचा पत्ताच नाही. कापडावरचे जोड, ओघळ, उंदरांनी कुरतडलेल्या कडा, सगळं एकदम दिसत होतं. तो अंगणातच खाली बसला. आपण आयुष्य यात घातलं, हा विचार मनात आला आणि त्यानं तो परतवला नाही, कारण परतवायलाही जोर लागतो.

सहाही पडदे दिवसाच्या उजेडासाठी नव्यानं रंगवणं या हातांना झेपणारं नव्हतं. एक झेपला असता. कोणता, याचा त्याला फार विचार करावा लागला नाही. सात मजली महाल हा त्याच्या नगरीचा मुकुटमणी. कमानी, झुंबरं, कारंजी, मोरांच्या नक्षीचे खांब. बाई पहिल्यांदा गावात येणार, तिला आधी महालच दाखवायला हवा.

"पण या नाटकात महाल एकदाच आहे," मास्तर म्हणाले. "सगळं पेठेत आणि नदीवर घडतं."

"मग आनखी लिवा."

मास्तरांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि कारण विचारलं नाही. राणी आजारी पडते आणि सगळी प्रजा तिला भेटायला महालात येते, असे दोन प्रवेश त्यांनी वाढवून आणले.

महिनाभर कल्याणप्पा उन्हात उभा राहिला. सफेदा मिळेना, तिथं निवळलेला चुना वापरला. निळीच्या पुड्या दुकानातून उचलल्या. रुद्रम्मानं पाहिलं आणि डबा त्याच्याकडं सरकवला. शिडीवर चढलं की पोटऱ्या थरथरायच्या. हात डोक्याच्या वर गेला की खांद्यात कळ यायची आणि तो तसाच, कुंचला वर धरून, कळ जायची वाट बघत थांबायचा. डोळ्यांना तर अंधाराची सवय. उन्हात पांढऱ्या कापडाकडं बघून ते गळत राहायचे, आणि पुसायला जावं तर बोटांचा चुना डोळ्यांत. काही दिवस वाटायचं, पुरे. ही कोण परकी बाई आहे, जिच्यासाठी आपण सोंग सजवतोय? घरचीच तर आहे. तिनं आपल्याला अंघोळीच्या घंगाळाशी, तापात, शेंबडात, सगळ्या अवस्थेत पाहिलंय. मग पुन्हा वाटायचं, म्हणूनच. एवढी एकच गोष्ट आपली बरी आहे आणि तीच तिनं पाहिलेली नाही.

नाटकाच्या दिवशी दुपार कलायच्या आधीच बायांनी जागा धरली. एवढ्या बाया एका जागी अणदुरानं देवीच्या ओटीलाही पाहिल्या नसतील. लेकरं, डोईवरचे पदर, शेंगांच्या पुरचुंड्या. गडी माणसं अवघडून मागं उभी राहिली. शांताक्का सगळ्यांत पुढं, आणि तिच्या शेजारी रुद्रम्मा, इरकली लुगडं नेसून, मांडीवर दुकानाच्या किल्ल्या घेऊन.

पहिला पडदा पेठेचा. उलगडला आणि उन्हात त्याचं जे व्हायचं होतं ते झालं. दुकानांच्या भिंती भगभगीत, वाटसरूंची तोंडं हिरवी. कुणीतरी फिसकन हसलं. मल्लिनाथ राणी होऊन आला तेव्हा हसणं बायांमध्ये गेलं. माळवदावरून बायांनी या राणीचं रडणं ऐकून पदरानं डोळे पुसले होते, आणि आज तिला निळी हनुवटी होती, मनगटावर केस होते आणि पायात घाण्यावरच्या तेलाचे डाग. "ही व्हय राणी?" शांताक्का मोठ्यानं म्हणाली. "आगं बया, हा तर आपला तेली." मल्लिनाथ बिचारा पद म्हणत राहिला. नदी आली, चढली, लोक हसले. विंगेत मास्तर कपाळाला हात लावून बसले होते. कल्याणप्पा दोरीशी उभा होता. त्याला हसण्याचं काही वाटत नव्हतं, इतका तो थकला होता. तो महालाची वाट बघत होता.

महाल उलगडला आणि हसणं थांबलं. उतरत्या उन्हात तो पडदा उजळून निघाला. सोनं सोन्यासारखं, आभाळ आभाळासारखं, सज्जातल्या बायका जिवंत. मागं उभ्या असलेल्या गड्यांमधून 'वा' आली. लेकरं बोट दाखवायला लागली. राणीच्या आजारपणात कुणाचं लक्ष राहिलं नाही, सगळे पडदाच बघत बसले. कल्याणप्पानं विंगेच्या फटीतून रुद्रम्माकडं पाहिलं. ती हसत नव्हती, वाहवाही करत नव्हती. परक्या गावी उतरलेलं माणूस एखादं घर शोधतं तशी तिची नजर पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. कमानीखाली थांबली, कारंज्यापाशी थांबली, पुढं गेली. शेवटापर्यंत फिरत राहिली.

खेळ संपला. लोक पांगले, महालाचं कौतुक करत आणि मल्लिनाथाची टिंगल करत. आवराआवर मास्तरांनी दुसऱ्यांवर सोपवली आणि कल्याणप्पाला घरी पिटाळलं. तो चौकात आला तेव्हा दिवेलागण होत होती, म्हणजे दिवे लावले असते तर झाली असती. रॉकेल नसल्यामुळं घरं तशीच करड्या उजेडात बसली होती. रुद्रम्मा दुकानाच्या पायरीवर होती. तो तिच्याजवळ टेकला. गुडघे वाजले.

विचारायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि विचारलं.

"कसं वाटलं?"

"लई मेहनतीचं हाय," ती म्हणाली. मग पुढं, "तिथली मानसं पानी कुठनं भरत्यात?"

"काय?"

"आड कुठं दिसला न्हाय. म्या समदीकडं बघितलं."

"नदी हाय की."

"ती डोंगरावर चढती. घागर घिऊन तिच्यामागं कोन चढंल?" ती हे चेष्टेनं म्हणत नव्हती. खरोखर विचारत होती. "आनि येकाबी घरातनं धूर निघत न्हाय. पेठ हाय, दुकानं हाईत, महाल हाय. बाया हाईत त्या समद्या सज्जात हुब्या. सैपाक कोन करतंय?"

इतक्या वर्षांत त्यानं त्या नगरीत मोर काढले होते, कारंजी काढली होती, तीन पायांचे हत्ती काढले होते. चूल काढायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. एवढा महाल त्यानं बाईला दाखवायला म्हणून रंगवला आणि त्यात बाईला टेकायला जागा ठेवली नाही.

"मला वाटलं, ओळखू यील," रुद्रम्मा म्हणाली.

"काय ओळखू यील?"

"नवलनगरी. म्या दर साली माळवदावरून ऐकत व्हते. पदं पाठ हाईत मला. ऐकून ऐकून मनात येक गाव तयार केलं व्हतं. दुकानात कुनी गिऱ्हाईक नसलं की जायची तिथं." तिनं किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "तुमचं गाव निराळं हाय. वाईट न्हाय. पर निराळं हाय."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या घरात, त्याच्या पाठीमागं, एक दुसरी नवलनगरी होती आणि तिला ना कापड लागलं होतं ना रंग. त्याला ती बघावीशी वाटली, इतकी की स्वतःच्या पडद्यांचं दुःख बाजूला पडलं.

"तुज्या गावात काय हाय?" त्यानं विचारलं.

"काय असनार. आड हाय. जोत्यावर तुळस हाय. दोन चंद्र हाईत, ते मास्तरांनी सांगितलेले, ते भांडत्यात." पुढचं बोलावं की नाही याचा विचार करत असावी, आणि मग बोललीच. "आनि तुमी दिवेलागनीला घरी येता."

समोरच्या घरात कुणीतरी चुलीत काटक्या मोडून घालत होतं. कल्याणप्पाला काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"आज आलोय की," तो म्हणाला.

"आज रॉकेल न्हाय म्हनून."

ती हे रागानं म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती रागावलेली नव्हती. जे होतं ते तिनं सांगितलं होतं, दुकानात वजन सांगावं तसं. ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि भाकरी टाकते म्हणून आत गेली. कल्याणप्पा तिच्यामागून आत गेला, आणि चुलीपुढं ती बसायची त्याच्या समोर, भिंतीला टेकून बसून राहिला.